अनवाणी दिवाचे पाय

केप व्हर्दे या पश्चिम आफ्रिकेजवळच्या बेटांच्या देशातली गायिका सेझारिया एव्होरा मंचावर अनवाणी गायची. ते अनवाणी गाणं म्हणजे पॅरिसवाल्यांची जाहिरातबाजी, असं काही जण म्हणतात. अर्धंच पटतं. १९८८ च्या तिच्या पॅरिसमध्ये झालेल्या अल्बमचं नाव 'अनवाणी दिवा' (दिवा म्हणजे मोठी गायिका) अशाच अर्थाचं होतं, त्यामुळे पायांचं भांडवल झालं हे कबूल. पण तोवर बाई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. केप व्हर्देमधल्या मिंदेलो या बंदराच्या गावी जन्म, वडील लहानपणीच गेले, आईला झेपेना म्हणून काही काळ अनाथाश्रमात. पुढे बारमध्ये आणि बंदरात लागलेल्या जहाजांवर गाणं, त्याचे पैसे जेमतेम. मग सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून दहाएक वर्षं तर गाणंच बंद! अशा बाईला पॅरिसने काय घडवलं?

खरं यश 'मिस परफ्युमादो' या अल्बमचं, १९९२. त्यातलं 'सोदाद' जरूर ऐका. कोकोच्या मळ्यांत राबायला आफ्रिकेजवळच्याच साओ तोमे बेटावर गेलेल्यांच्या विरहाचं ते गाणं, केप व्हर्देच्या क्रिओल या पोर्तुगीज-आफ्रिकी मिश्र भाषेतलं. भाषा कळत नाही, तरी आवाजात कुठेही रडका सूर नाही हे लगेच जाणवतं. मॉर्ना या तिथल्या गानप्रकाराची गंमत मला तरी त्यातच वाटते. (गोव्याचा मांडो ऐकत वाढलेल्यांना तो हळवेपणा ओळखीचा वाटेल. पोर्तुगीज राज्य दोन्हीकडे होतं.)

२००४ मध्ये ग्रॅमी मिळालं. मैफलीत मध्येच खुर्चीवर बसून निवांत सिगारेट ओढायची सवय मात्र तशीच राहिली. २०११ मध्ये ती गेली. आता तिच्या बेटावरच्या विमानतळाला तिचंच नाव आहे.