प्रतिसाद: मोफत वकील कोणाला मिळतो?

धर्मावरून घर नाकारलं तर अल्पसंख्याक असल्याचा दाखला दिला की मोफत वकील मिळतो, असं काही जण सांगतात. तसं नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये धर्माचा निकषच नाही. अनुसूचित जाती-जमाती, महिला, मुलं, दिव्यांग अशा काही गटांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांचं उत्पन्न महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत हवं. म्हणजे घर नाकारलं आणि घरातल्या बाईंची स्वतःची तक्रार असेल, तर अर्ज त्यांच्याच नावाने करा, नवऱ्याच्या नव्हे; त्यांना उत्पन्नाची अट लागत नाही. (इथेच बरेच जण चुकतात.)

सोलापुरात जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, पोच घ्या. उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र सहसा पुरतं, कलम १३ बघा. घटनेची तारीख, वेळ, नेमके शब्द लिहाच. नुसतं ‘त्रास दिला’ म्हटलं की वकिलाच्या हाती काही लागत नाही. हेल्पलाइन १५१००.