मदत हवी आहे: गाइडलाइनपेक्षा कमी भावात प्लॉट विकायचाय

नमस्कार मंडळी. इंदूर बायपासजवळ शेजाऱ्यांचा प्लॉट आहे, 28 लाखांना घेतलेला. त्यांचा पगार निम्म्यावर आलाय, कर्जाचे हप्ते थकताहेत. गिऱ्हाईक 24 च्या वर जात नाही, पण कलेक्टर गाइडलाइनने (म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराने) 30 होतात. फरक 10 टक्क्यांच्या वर गेला की प्राप्तिकराला विक्री 30 लाखांचीच धरतात. म्हणजे पदरचे 4 लाख जाऊन कागदावर 2 लाखांचा नफा! घेणाऱ्याच्याही उत्पन्नात 6 लाख जोडतात, स्टॅम्प ड्यूटीही 30 वरच, म्हणून तोही बिचकतोय.

खरा बाजारभाव ठरवायला प्राप्तिकर खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवा, अशी मागणी करता येते. कुणी केली आहे का? सौद्याच्या तारखेचा नोंदणीकृत व्हॅल्युअरचा रिपोर्ट आणि आजूबाजूच्या ताज्या रजिस्ट्र्यांच्या नकला पुरतात का? बँकेचा बोजा उतरवायचाय, कृपया लवकर सांगा.