‘वृद्धिघटक’ की ‘पोषक घटक’?

प्रश्न : तान्ह्या बाळांना येणाऱ्या आकडीचा मेंदूवर काय परिणाम होतो, यावरील लेखाचे मी भाषांतर करीत आहे. ‘ग्रोथ फॅक्टर’साठी ‘वृद्धिघटक’ योजला, तर ‘आकडीनंतर वृद्धिघटक वाढतात’ असे वाक्य होते आणि आकडी जणू हितकारकच वाटू लागते. काय करावे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. आकडीनंतर मेंदूत वाढणारे म्हणून ज्याचा उल्लेख वारंवार होतो, ते बीडीएनएफ हे प्रथिन १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळे करण्यात आले. ‘ब्रेन-डिराइव्ड न्यूरोट्रॉफिक फॅक्टर’ या त्याच्या पूर्ण इंग्रजी नावात ‘ग्रोथ’ म्हणजे वाढ हा शब्द नाहीच. तेथील ‘ट्रॉफिक’ हे पद पोषण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. म्हणून ‘चेतापोषक घटक’ म्हणावे. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना ज्या शोधांसाठी १९८६ चे नोबेल मिळाले, त्यांतील घटकांच्या नावांत मात्र ‘ग्रोथ’ आहे; तेथे ‘वृद्धिघटक’ राहू द्यावा.

अर्थात, पोषण झाले म्हणजे भलेच झाले असेही नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसते की, आकडीनंतर काही चेतापेशींच्या तंतूंना नवे धुमारे फुटतात आणि ते नेहमीच्या जागी न जाता आपल्याच जातीच्या शेजारी पेशींना जाऊन जोडले जातात, त्यामुळे तो भाग अधिक उत्तेजनशील होण्याची शक्यता असते. या क्रियेला ‘फुटवा’ हा शेतातला शब्द मला फार नेमका वाटतो, कारण फुटवा जोमदार असला तरी तो हवा तेथेच येतो असे नाही, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

‘पेशींचा नाश’ हा शब्दप्रयोगही जपून करावा. उंदरांच्या नवजात पिल्लांत आकडीमुळे प्रौढांच्या मानाने कमी पेशी मरतात, पण वारंवार आकडी आल्यास नव्या पेशी जन्मण्याचे प्रमाण घटलेले आढळते. तेथे ‘पेशीजननात घट’ लिहावे.

आपले वाक्य असे करता येईल : ‘आकडीनंतर चेतापोषक घटकाचे प्रमाण वाढते आणि त्यामुळे चेतातंतूंना अस्थानी फुटवे येऊ शकतात.’

लेखाच्या शीर्षकात मात्र ‘अपस्मार’ (एपिलेप्सी) हा शब्द नको. आकडी ही एक घटना आहे, तर अपस्मार हा ती पुन्हा पुन्हा येण्याचा विकार. ६ महिने ते ५ वर्षे या वयात तापामुळे आकडी आलेल्या बहुतेक मुलांना पुढे अपस्मार होत नाही, आणि त्या शब्दाने त्यांच्या आईवडिलांना विनाकारण धास्ती बसेल.