कोहामध्ये मराठी पुस्तकांची एन्ट्री: मॅक्रो लावू का?

कपाट_नंबर_सात
नमस्कार मंडळी. कॉलेजच्या लायब्ररीत कोहा (लायब्ररीचं सॉफ्टवेअर) आहे आणि देणगीत आलेल्या मराठी कथा-कादंबऱ्यांचा ढीग माझ्या टेबलावर. प्रत्येक पुस्तकाला तेच तेच टाईप करायचं, ०४१ नंबरच्या खान्यात भाषा, ००८ मध्ये परत भाषा आणि देश, प्रकाशकाचं नाव, खाली आयटममध्ये (म्हणजे त्या प्रतीच्या माहितीत) प्रकार, शाखा, तारीख, वर्ग क्रमांक. एका मित्राने ऑटोहॉटकी या प्रोग्रामवर मॅक्रो बनवून दिलाय, एक बटण दाबलं की टॅब मारत मारत अख्खा फॉर्म भरतो. पण पान जरा हळू लोड झालं की प्रकाशक जाऊन बसतो पानसंख्येच्या खान्यात!! कुणी वापरतं का असं काही? ॲडमिन लॉगिन माझ्याकडेच आहे.

देवघेव_काउंटर
ताई/दादा जे असाल ते, ॲडमिन लॉगिन आहे ना, मग आधी मॅक्रो बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलेल्यातलं निम्म्याहून जास्त काम कोहा स्वतःच करतं. ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये मार्क फ्रेमवर्क (नोंदीच्या फॉर्मचा साचा) आहे, तिथे डिफॉल्टची कॉपी करून 'मराठी कादंबरी' नावाचं वेगळं फ्रेमवर्क बनवा आणि ज्या सबफील्डला (उपखान्याला) कायम एकच उत्तर असतं तिथे डिफॉल्ट व्हॅल्यू भरून टाका. ०४१ ए ला एम-ए-आर (मराठीचा संकेत), ९४२ सी म्हणजे प्रकाराला पुस्तक, आणि आयटमचा ९५२ पण त्याच फ्रेमवर्कमध्ये असतो त्यामुळे शाखा, प्रकार, वर्ग क्रमांकाचा ८९१.४६३ हा भागसुद्धा आधीच भरलेला येतो. कवितांना ८९१.४६१, नाटकांना ८९१.४६२, त्यांची फ्रेमवर्कं हवी तर वेगळी करा. ००८ साठी सिस्टम प्रेफरन्समध्ये भाषेचा आणि देशाचा डिफॉल्ट असे दोन वेगळे प्रेफरन्स आहेत, ते एकदाच सेट करायचे. जुन्या नोंदींना याने काही होत नाही, फक्त नव्या एन्ट्रीला लागू.
आणि एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर आयटमच्या पानावर खाली 'ॲड मल्टिपल कॉपीज' आहे, ते बटण लोकांना दिसतच नाही का कळत नाही.

पाटी_पेन्सिल
वरच्यांशी सहमत, पण फ्रेमवर्कने प्रकाशक भरता येत नाही ना, तो दर पुस्तकाला बदलतो. तिथे मॅक्रो खरंच उपयोगी आहे, फक्त टॅब मारणारा नको, नुसता मजकूर टाकणारा हवा. म्हणजे कर्सर तुम्ही स्वतः योग्य खान्यात न्यायचा, कंट्रोल एफ१ दाबलं की 'मौज प्रकाशन गृह', एफ२ ला 'राजहंस प्रकाशन', एफ३ ला 'मेहता पब्लिशिंग हाऊस' असं. वेळ तर वाचतोच, त्याहून मोठा फायदा हा की नाव दरवेळी अक्षर न अक्षर तेच पडतं. आमच्याकडे एकाच प्रकाशकाची चार-चार रूपं आहेत, कुठे नुसतं मौज, कुठे मौज प्रकाशन, कुठे ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ, मग प्रकाशकावरून शोधलं की अर्धी पुस्तकं गायब.
दोन गोष्टी मराठीच्या बाबतीत लक्षात ठेवा. एक, 'mau' सारखं इंग्रजी अक्षरांचं शॉर्टफॉर्म ठेवू नका, कारण मराठी कीबोर्ड चालू असताना तुम्ही एम-ए-यू दाबलं तरी मशीनला ती इंग्रजी अक्षरं मिळतच नाहीत आणि मॅक्रो ढिम्म. फंक्शन की कुठल्याही कीबोर्डला त्याच असतात. दोन, मॅक्रोत साध्या सेंडऐवजी सेंडटेक्स्ट ही कमांड वापरा आणि स्क्रिप्टची फाइल यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये सेव्ह करा, नाहीतर देवनागरीच्या जागी भलतंच काहीतरी उमटतं.

उबुंटूवाला
ऑटोहॉटकी फक्त विंडोजवर चालतं हे सांगायचं राहिलं. लिनक्सच्या मशीनवर एस्पान्सो बघा, फुकट आहे.
आणि काहीही करा पण सेव्हचं बटण मॅक्रोला दाबू देऊ नका प्लीज. बारकोड स्कॅनर पण मशीनच्या लेखी कीबोर्डच असतो, नंबर टाईप करतो आणि शेवटी बहुतेक ठिकाणी एंटरही मारतो. मॅक्रो चालू असताना कुणी शेजारून पुस्तक स्कॅन केलं की तो दाखल नंबर कुठल्या खान्यात पडेल ते देवच जाणे.

कपाट_नंबर_सात
बाप रे, सगळ्यांना धन्यवाद. (ताई 🙂) फ्रेमवर्क आत्ताच करून बघितलं, ०४१ आणि आयटमची कटकट गेली. अजून एक, शीर्षक तरी टाईप करायचं वाचेल म्हणून झेड३९.५० (दुसऱ्या लायब्ररीतून नोंदी ओढायची सोय) वरून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची नोंद ओढली तर सगळं रोमन लिपीत येतंय, अक्षरांवर रेघा-ठिपक्यांसकट. आणि आधी शाखा चुकीची पडलेली बरीच पुस्तकं आहेत, ती मॅक्रोने एकेक उघडून बदलू का?

देवघेव_काउंटर
नको नको! एकेक कशाला उघडता. कॅटलॉगिंगमध्ये (जुन्या कोहात टूल्समध्ये) बॅच आयटम मॉडिफिकेशन आहे, तिथे बारकोडची यादी टेक्स्ट फाइलमधून चढवायची, शाखा निवडायची, झालं. आधी दहा-बारा बारकोडवर करून बघा आणि मग सगळे. काँग्रेसच्या नोंदी रोमनच येणार, त्यातून पानं आणि विषय घ्या, २४५ (शीर्षक) आणि १०० (लेखक) मात्र हातानेच देवनागरीत टाईप करा ताई, त्याला शॉर्टकट नाही. देवघेवीला मॅक्रो तर अजिबात नको, ऑल्ट यू ने इश्यू आणि ऑल्ट आर ने रिटर्न उघडतं, ते कोहातच आहे.

पाटी_पेन्सिल
ताई, प्रकाशकांची यादी झाली की इथे टाका ना, गावांच्या नावांसकट, मी पण तीच वापरेन.