जेल पद्धत आणि बेरियमची अडचण
जेल पद्धतीत, म्हणजे द्रावणातून घट्ट जेल करून तो भाजण्यात, धातूंचे आयन अगदी जवळजवळ मिसळतात, म्हणून कमी तापमानात काम भागतं, असं म्हटलं जातं; ते अर्धंच बरोबर आहे. इट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइड या अतिसंवाहकाच्या (पुरेसं थंड केल्यावर विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या पदार्थाच्या) बाबतीत खरी गोम बेरियममध्ये आहे.

तिन्ही धातूंची नायट्रेटं १:२:३ प्रमाणात पाण्यात विरघळवून सायट्रिक आम्ल घातलं की निळं द्रावण मिळतं. मग अमोनिया थेंबथेंब घालत पीएच ६-७ च्या आसपास आणायचा. तो कमी राहिला तर बेरियमचा पांढरा साका खाली बसतो आणि सगळी मेहनत वाया जाते. पाणी सावकाश उडवल्यावर जेल काचेसारखा पारदर्शक, गडद निळा दिसायला हवा. जरा जरी गढूळ वाटला तर पुढे जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. (आणखी तापवल्यावर तो भसकन पेट घेतो, तेव्हा भांडं मोठं घ्या.)

सायट्रेट जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड बेरियम धरून ठेवतं आणि बेरियम कार्बोनेट तयार होतं. ते फोडायला शेवटी ९०० अंश सेल्सिअसच्या घरात जावंच लागतं. फायदा उरतो तो बारीक कणांचा आणि वेळेचा, कारण कोरड्या भुकट्या मिसळण्याच्या पद्धतीतलं पुन्हापुन्हा कुटून भाजणं बरंच वाचतं.

ऑक्सिजनचा टप्पा मात्र कुठल्याच पद्धतीत टळत नाही. तयार भुकटी दाबून केलेली चकती ऑक्सिजनच्या प्रवाहात ४०० ते ५०० अंशांना तासन्‌तास ठेवली तरच ९२ केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता येते. भट्टीतून काढून झटकन थंड केलेली चकती तितकीच काळी दिसते, पण द्रव नायट्रोजनमध्ये, ७७ केल्विनलाही, तिच्यावर चुंबक तरंगत नाही, म्हणजे ती अतिसंवाहक झालेली नसते.