पाऊस नाही तरी टेंट आतून ओला!! आज चार वाजेपर्यंत उत्तर हवंय

वाळूतपाय
आम्ही दोघं गाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने चाललोय, रात्री टेंट लावतो. कालची चौथी रात्र. रोज सकाळी टेंट आतून ओलागच्च. पावसाचा थेंब नाही, आकाश एकदम स्वच्छ, आणि छतावरून टपटप तोंडावर. स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक ओलं, खाली पण ओल. टेंट नवाकोरा आहे. नवरा म्हणतो गळका पीस गळ्यात मारलाय. ज्याच्याकडून घेतला त्याला फोन केला तर म्हणे "असं होतंच मॅडम". होतंच म्हणजे काय?? शिवणींना लावायचं सीलंट मिळतं ना, ते कुठलं घेऊ एवढंच सांगा. चारला एक गाव लागेल, त्यानंतर दोन दिवस दुकान नाही.

घोरपड
टेंट एका कापडाचा आहे की वर वेगळं कव्हर आहे? रात्री खिडक्या उघड्या असतात का? वारा कुठून? एक फोटो टाका.

गाडीतचझोप
टेंट हवाच कशाला? मागची सीट पाडायची, गादी टाकायची, विषय संपला. मी आणि बायको कित्येक वर्षं असंच फिरतोय. खुंट्या नाहीत, दोऱ्या नाहीत, भांडणं नाहीत.

घोरपड
@गाडीतचझोप आणि सकाळी काचा आतून पुसत बसता ते सांगा की. तेच पाणी आहे ते.

गाडीतचझोप
काच बोटभर खाली ठेवतो, जाळी लावून. अनुभव आहे हो.

वाळूतपाय
वर कव्हर आहे. ते पूर्ण खाली ओढून चेन लावतो. खिडक्या अर्थातच बंद, वाळू उडते. वारा समुद्राकडून. सीलंट?

घोरपड
सापडला चोर. टेंट गळत नाहीये, तुम्ही दोघं गळताय. माणूस रात्रभर श्वासातून आणि घामातून पाणी सोडतो, दोघांचं मिळून सहज दोन ग्लास होतं. सगळं बंद, मग ते जाणार कुठे? आकाश स्वच्छ असलं की कापड वर उष्णता टाकून हवेपेक्षाही गार पडतं आणि वाफ त्याला चिकटते. ढगाळ रात्री एवढं होत नाही, लक्ष ठेवा. समुद्राजवळची हवा आधीच दमट, म्हणून जरा गार झालं की लगेच दव.

भरतीओहोटी
छताचं ठीक, पण खाली ओल का आहे हे कोणीच विचारत नाहीये. टेंट भरतीच्या रेषेपासून किती लांब? अमावास्या-पौर्णिमा जवळ आहे का? तेव्हा उधाणाची भरती असते, आणि सगळ्यात मोठी भरती बऱ्याचदा त्याच दिवशी नाही, एक-दोन दिवसांनी येते. लोक पहिल्या रात्री कोरडं मिळालं म्हणून निवांत झोपतात. आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते हेही विसरतात.

वाळूतपाय
समुद्र तिकडे, आम्ही इकडे. पाणी आलं असतं तर कळलं नसतं का?

भरतीओहोटी
"तिकडे" म्हणजे किती? आणि किनारा कुठला ते तरी सांगा ताई. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीत १६ मीटरपर्यंत फरक पडतो आणि भूमध्य समुद्रात बऱ्याच ठिकाणी अर्धा मीटरसुद्धा नाही. वाळूत काटक्या, शेवाळ, शिंपल्यांचा कचरा यांची ओळ दिसते ना, पाणी तिथवर येऊन गेलेलं असतं. उधाणात त्याच्याही वर येतं.

खुशालचेंडू
गाडी कुठली आहे? फोर बाय फोर?

वाळूतपाय
साधी. पण गाडीचा काय संबंध??

खुशालचेंडू
वाळूत घालणार असाल तर टायरची हवा १८ पीएसआयच्या आसपास आणा, टायर पसरतो आणि रुतत नाही. डांबरी रस्त्यावर चढायच्या आधी परत भरा मात्र. आणि रुतली तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, खड्डा खोल होतो, चाकांपुढची वाळू हाताने काढा.

घोरपड
त्यांनी गाडीबद्दल विचारलंय कुठे?

खुशालचेंडू
रुतल्यावर विचारतील.

शेकोटी_२
सोप्पा उपाय. झोपायच्या आधी छोटा गॅस स्टोव्ह आत दहा मिनिटं लावा, टेंट खडखडीत कोरडा. आम्ही करतो.

घोरपड
अजिबात नाही!! @वाळूतपाय हे वाचू पण नका. बंद टेंटमध्ये ज्योत म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. आगीची भीती वेगळीच. आणि गॅस जळताना पाण्याची वाफच तयार होते, म्हणजे कोरडं करायला निघालात आणि आणखी पाणी ओतलंत.

शेकोटी_२
आम्हाला तर कधी काही झालं नाही.

घोरपड
झालं असतं तर इथे लिहायला आला नसतात.

भरतीओहोटी
भांडण नंतर. ताई, एक साधी परीक्षा. छताच्या थेंबाला बोट लावून चाखा, मग खालच्या ओलीला. खारट कुठलं ते सांगा.

वाळूतपाय
चाखलं. (नवरा हसतोय.) वरचं गोडं, खालचं खारट.

भरतीओहोटी
मग खाली समुद्रच आला ना! म्हटलं होतं मी.

मिठागर
थांबा, इतक्यात निकाल नको. ओले टॉवेल, पोहायचे कपडे रात्री कुठे असतात?

वाळूतपाय
आत, दोरीवर. बाहेर दवाने भिजतील म्हणून. काही कोपऱ्यात.

मिठागर
झालं तर. समुद्राच्या पाण्यात भिजलेलं कापड गोड्या पाण्यात खळबळल्याशिवाय नीट वाळत नाही, कारण मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. दुपारी कडक वाटतं आणि रात्री परत दमट. तुमच्या तळाच्या कापडात, पायाला लागून आलेल्या वाळूत, सगळीकडे मीठ बसलंय. तळ गोड्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा, टॉवेल गाडीत टाका.

भरतीओहोटी
तरीही रेषा बघाच.

घोरपड
हो, ते बघा. आणि आज रात्री समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या वरून चार बोटं उघड्या, जाळी लावलेली. कव्हर ताणून बांधा, आतल्या कापडाला चिकटलं नाही पाहिजे. वाळूत खुंट्या धरत नसतील तर पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधून आडवी पुरा. शाळेतले खारे वारे-मतलई वारे आठवतात ना? दिवसा वारा समुद्राकडून, रात्री बहुतेक जमिनीकडून. तेव्हा संध्याकाळचा वारा बघून दार ठरवू नका. शक्यतो किनाऱ्यापासून मागे, झाडाच्या आडोशाला लावा, तिथे दव कमी पडतं.

गाडीतचझोप
नारळाखाली नको फक्त. एवढं सगळं करण्यापेक्षा गाडीत झोपले असते तर आत्तापर्यंत एक डुलकी झाली असती.

वाळूतपाय (दुसऱ्या दिवशी सकाळी)
छत कोरडं!! म्हणजे बाहेरून दव आहे पण आत थेंब नाही. वाळू थोडी आली, नाकात पण गेली, चालतंय. रेषाही पाहिली, @भरतीओहोटी, आमच्यापासून फक्त सहा पावलांवर होती, चंद्र जवळजवळ पूर्ण दिसत होता, गुपचूप टेंट उचलून वर नेला. टॉवेल गाडीत टाकले, आता गाडीला वास येतोय. खाली मात्र एका बाजूला अजून ओल आहे, पण आज खारट नाही.

घोरपड
तळाखाली वेगळी शीट अंथरता का? ती टेंटच्या बाहेर डोकावते का?

वाळूतपाय
हो, वीतभर. मुद्दाम, चपला ठेवायला.

घोरपड
कव्हरवरून ओघळलेलं दव त्यावर पडतं आणि सरळ तुमच्या पाठीखाली जातं. आत दुमडा. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर...

वाळूतपाय
कोणी विचारलंच नाही. नवरा काल रात्री तीन वाजता उठून गाडीत जाऊन झोपला, हे पण कोणी विचारलं नाही.

गाडीतचझोप
शहाणा माणूस.

नुसताच_वाचक
सगळा धागा वाचला नाही, पण सीलंटचं कोणीच सांगितलेलं दिसत नाही. कापडावर सिलिकॉनचा थर असेल तर सिलिकॉनचंच घ्या, पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर असेल तर पीयूवालं, उलटं लावलं तर धरत नाही. शिवण आधी पुसून वाळवा, मग लावा. गावात मिळेल.

वाळूतपाय
गाव काल चारला गेलं.