नोकरी सोडताना कंपनीने दिलेले अमेरिकी शेअर दुसऱ्या ब्रोकरकडे कसे हलवावेत?

प्रश्न – हिंजवडीकर

मी पुण्यात एका अमेरिकी कंपनीच्या भारतीय शाखेत काम करतो. गेल्या काही वर्षांत आरएसयूच्या (ठरावीक काळ नोकरी केल्यावर मिळणाऱ्या कंपनीच्या शेअरांच्या) रूपाने मिळालेले मूळ कंपनीचे शेअर कंपनीनेच ठरवून दिलेल्या अमेरिकी ब्रोकरकडे आहेत. मी लवकरच नोकरी बदलत आहे, आणि जुन्या मालकाशी बांधलेल्या त्या खात्यात हे शेअर ठेवणे मला योग्य वाटत नाही. मला ते इतक्यात विकायचेही नाहीत. दुसऱ्या एका अमेरिकी ब्रोकरकडे मी स्वतःच्या नावाने खाते उघडले आहे. न विकता शेअर तिकडे नेता येतात का, आणि तसे केल्यास ती विक्री समजून भारतात कर द्यावा लागतो का? नवे खाते पत्नीसह संयुक्त करून घेण्याचाही विचार आहे. त्यात काही अडचण येईल का?

उत्तर – दप्तरी

शेअर न विकता नेता येतात. मालक तोच राहत असल्यामुळे ही विक्री ठरत नाही आणि भांडवली नफ्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अर्थात, हे व्हेस्ट होऊन (म्हणजे अटी पूर्ण होऊन) तुमच्या नावावर जमा झालेल्या शेअरपुरतेच खरे आहे. व्हेस्ट न झालेले आरएसयू हे केवळ आश्वासन असते. ते कोणत्याही ब्रोकरकडे हलवता येत नाहीत आणि नोकरी सोडल्यावर बहुधा रद्द होतात.

अमेरिकेत ब्रोकर बदलण्यासाठी ॲकॅट्स नावाची व्यवस्था आहे. तिच्यात अर्ज नव्या ब्रोकरकडे करायचा असतो आणि तो जुन्या ब्रोकरकडून शेअर मागवून घेतो. कंपनीच्या योजनेतील शेअरांच्या बाबतीत मात्र हा अर्ज अनेकदा फेटाळला जातो, कारण शेअर ‘स्टॉक प्लॅन’ खात्यात असतात आणि ते खाते ॲकॅट्सच्या कक्षेत येत नाही. अशा वेळी आधी त्याच ब्रोकरकडील साध्या ब्रोकरेज खात्यात शेअर घ्यावेत आणि तेथून ॲकॅट्सने मागवावेत, किंवा जुन्या ब्रोकरलाच नव्या ब्रोकरचा डीटीसी क्रमांक (अमेरिकी शेअर डिपॉझिटरीतील त्याचा ओळख क्रमांक) आणि तुमचा खाते क्रमांक देऊन शेअर पाठवण्याची लेखी सूचना द्यावी. ईएसपीपीचे (कर्मचाऱ्यांसाठीच्या शेअर खरेदी योजनेचे) शेअर असतील, तर ठरावीक मुदतीपर्यंत ते बाहेर नेण्यास काही कंपन्यांची मनाई असते. त्यासाठी योजनेची नियमावली पाहावी.

दोन्हीकडील नाव आणि खात्याचा प्रकार तंतोतंत जुळावा लागतो, म्हणून एकट्याच्या खात्यातून थेट संयुक्त खात्यात जाण्याचा प्रयत्न करू नये. शिवाय पत्नीला शेअर भेट दिले, तरी त्यांवरील उत्पन्न करासाठी तुमच्याच उत्पन्नात मिळवले जाते. अपूर्णांकातील शेअर हलत नाहीत. ते विकून रोख रक्कम दिली जाते, आणि ती मात्र खरी विक्री असते.

सर्वांत आधी, कंपनीचा ईमेल सुरू आहे तोवरच, जुन्या खात्यावर आपला खासगी ईमेल आणि मोबाइल क्रमांक नोंदवून घ्यावा.

उत्तर – करपात्र

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु माझ्या मते खरी जोखीम शेअर हरवण्याची नसून त्यांचा इतिहास हरवण्याची आहे. शेअर नव्या खात्यात पोहोचतात, पण कोणता गठ्ठा कोणत्या तारखेला आणि कोणत्या भावाने जमा झाला होता, ही माहिती अनेकदा अपुरी पोहोचते. खरेदी किंमत कधी रिकामी, तर कधी शून्य दिसते. समजा, एक शेअर ६० डॉलर भाव असताना व्हेस्ट झाला आणि तुम्ही तो १०० डॉलरला विकला. ते ६० डॉलर पगाराचा भाग धरून त्यांवर कर आधीच कापला गेलेला आहे, म्हणून नफा ४० डॉलरचा. नव्या खात्यातील नोंदीवर विसंबणाऱ्याच्या हिशेबात मात्र तो १०० डॉलरचा होतो आणि एकाच रकमेवर दोनदा कर भरला जातो.

हे शेअर भारतातील बाजारात नोंदलेले नसल्यामुळे दीर्घ मुदतीसाठी २४ महिने लागतात. ते शेअर तुमच्या नावावर आल्यापासून मोजायचे, नव्या ब्रोकरकडे पोहोचल्यापासून नव्हे. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर दीर्घ मुदतीच्या नफ्यास १२.५ टक्के दर आहे (अधिभार व उपकर वेगळे). २४ महिने पूर्ण होण्याआधी विकल्यास नफा तुमच्या नेहमीच्या टप्प्याने करपात्र होतो. तेव्हा प्रत्येक व्हेस्टिंगची पावती, करासाठी परस्पर विकलेल्या शेअरांचा तपशील, सर्व मासिक विवरणे आणि फॉर्म १६ सोबतचा १२बीए (पगाराखेरीज मिळालेल्या लाभांचा तपशील) हे सारे खाते बंद होण्यापूर्वी उतरवून घ्यावे.

हिंजवडीकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. लाभांश जाहीर झालेला आहे, पण अद्याप जमा झालेला नाही. शिवाय परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात आता कोणते खाते दाखवावे?

उत्तर – करपात्र

दोन्ही दाखवावीत. विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यासाठी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर हे वर्ष धरतात आणि त्या काळात काही दिवसच असलेले खातेही त्यात येते. जुन्या खात्याची वर्षअखेरची शिल्लक शून्य, परंतु वर्षातील कमाल शिल्लक खरी लिहावी. शेअरांची संपादन तारीख मूळचीच राहील.

लाभांश नोंदतारखेला (तो कोणाला द्यायचा हे ठरते त्या दिवशी) शेअर जेथे होते, तेथेच प्रथम जमा होतो, म्हणून तो पुढे वळता होईपर्यंत जुने खाते बंद करू नये. नव्या ब्रोकरकडे डब्ल्यू-८बेन फॉर्म (आपण अमेरिकेचे करदाते रहिवासी नाही असे कळवणारा) आधीच भरून ठेवावा, म्हणजे भारतीय रहिवासी म्हणून पुढील लाभांशातून अमेरिकेत ३० ऐवजी २५ टक्के कर कापला जाईल. जुन्या ब्रोकरकडे भरलेला फॉर्म नव्याकडे आपोआप लागू होत नाही.